खोळ, बुरशी आणि माशाचं यकृत

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा अकोटा स्टेडियमच्या भागात एका घराच्या छपरावर चढलेली मगर देशभरच्या वाहिन्यांनी दाखवली. पाणी ओसरलं, मगर गेली, बातमी संपली. ओल मात्र राहिली. भिंतींत, तळघरांत, दुकानांच्या मागच्या खोल्यांत, आणि जिथे जिथे धान्य, पेंड किंवा खाद्य पोत्यांत भरून ठेवलेलं असतं तिथे. पुरात भिजलेलं पोतं कुणीही फेकून देतो, त्याचा वासच पुरेसा असतो. अडचण असते ती न भिजलेल्या पोत्याची. ते हाताला कोरडं लागतं, काट्यावर पूर्ण भरतं आणि महिना-दीड महिन्याने कुठल्या तरी तळ्यात रिकामं होतं. अशा पोत्यातून तळ्यातल्या रोहूच्या यकृतापर्यंत काय काय पोहोचतं आणि तिथे गेल्यावर काय घडतं, ते एकेक पायरीने पाहू.

आधी मासा खातो काय, ते. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या तळ्यांत रोहू, कटला आणि मृगळ एकत्र वाढवतात. पाण्यातलं शेवाळ, सूक्ष्म जीव, तळाचा कुजका पाला हे त्यांचं मूळ अन्न. पण एकरी उत्पादन वाढवायचं तर वरून खाद्य द्यावंच लागतं. १९७१ मध्ये मिश्र मत्स्यपालनाचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला आणि एक सोपी जोडी देशभर रूढ झाली: भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं निम्मं. आता गोळी खाद्य आलं, तरंगतं खाद्य आलं, तापी जिल्ह्यातल्या उकाईच्या जलाशयात पंगेशियस माशांचे पिंजरे आले. तरी गोळीच्या आत डोकावलं तर जुनी ओळखीची मंडळीच दिसतात. मासळीची भुकटी महाग, म्हणून प्रथिनांसाठी भुईमूग, सोयाबीन, सरकी आणि मोहरीची पेंड. ताकदीसाठी मका, तांदळाची कणी, कोंडा. मासा पाण्यातला असला तरी त्याचं ताट आता शेतातून येतं, आणि शेतातले रोगही त्या ताटातून येतात.

गुजरातेत पेंडीला खोळ म्हणतात, आणि भुईमुगाच्या खोळीचं माहेर म्हणजे सौराष्ट्र. भुईमुगाच्या उत्पादनात गुजरात देशात पहिला. या पिकावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्थाही १९७९ पासून जुनागढलाच आहे. तेल निघाल्यावर उरलेल्या खोळीत चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, चव माशाला आवडते, भाव परवडतो. खाद्य बनवणाऱ्याला आणखी काय हवं? पण याच भुईमुगाचं एका बुरशीशी जुनं नातं आहे.

तिचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. पिवळट हिरवी, मातीत सगळीकडे असणारी, एरवी निरुपद्रवी. भुईमुगाची शेंग मातीतच वाढत असल्याने बुरशीला तिच्यापर्यंत जायला कुठेही जावं लागत नाही. शेंग सशक्त असेल तर ती स्वतःच बुरशीविरुद्धची रसायनं तयार करून तिला रोखते. पण पीक तयार होण्याआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत पावसाने दडी मारली, माती तापली, दाण्यातलं पाणी कमी झालं की ही संरक्षणाची व्यवस्था ढासळते आणि बुरशी आत शिरते. म्हणजे कोरड्या दुष्काळातही ती येते, आणि काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, शेंगा ओल्याच ढिगात पडल्या, तर तेव्हाही येते. शेतकऱ्याला दोन्हीकडून मार.

आत शिरलेली बुरशी वाढताना अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. त्याचे मुख्य चार प्रकार आहेत, बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२. अतिनील प्रकाशात पहिले दोन निळे चमकतात, दुसरे दोन हिरवे. इंग्रजीतल्या त्या रंगांची आद्याक्षरं त्यांना चिकटली. यातलं बी-१ सगळ्यांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफलाटॉक्सिनना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसही त्याच गटात आहेत.

आता घाण्यावर काय होतं पाहा. दाणे दाबले की तेल एकीकडे आणि पेंड दुसरीकडे होते, आणि विषाचा मोठा वाटा पेंडीबरोबर जातो. तेलात जे थोडं उतरतं तेही शुद्धीकरणात, क्षाराच्या प्रक्रियेत, बहुतांश निघून जातं. म्हणजे गिरणीतून निघणाऱ्या दोन मालांपैकी माणसाच्या स्वयंपाकघराकडे जाणारा माल स्वच्छ होतो आणि जनावराच्या गव्हाणीकडे जाणारा माल अधिक दूषित. खराब, सुरकुतलेले, फुटके दाणे निवडून वेगळे काढले तर माणसासाठीचे शेंगदाणे सुरक्षित होतात. पण ते निवडलेले दाणे पुढे कुठे जातात, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. बऱ्याचदा ते घाण्यातच जातात.

पुढची पायरी गोदामाची. पोत्यात सगळीकडे ओलावा सारखा असतो अशी आपली समजूत असते. तसं नसतं. दिवसा पत्रा तापतो, पोत्याच्या आतली हवा गरम होते, वाफ वर सरकते. रात्री पत्रा गार पडला की तीच वाफ वरच्या थरात किंवा भिंतीला टेकलेल्या बाजूला पाणी होऊन बसते. किड्यांचा श्वास त्यात भर घालतो. एका कोपऱ्यात बुरशी वाढू लागली की तिच्या स्वतःच्या वाढीतूनही उष्णता आणि पाणी तयार होतं, आणि तो कोपरा आणखी ओला होतो. अशा रीतीने शंभर पोत्यांच्या थप्पीत दोन-चार पोती विषारी होतात, आणि त्या पोत्यांतही एखादा लाडूएवढा गोळाच खरा विषारी असतो. हवेत पंचवीस ते पस्तीस अंश तापमान आणि भरपूर दमटपणा म्हणजे या बुरशीचा सुखाचा काळ. बडोद्याचा जुलै ते सप्टेंबर तिला मुद्दाम नेमून दिल्यासारखा आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो खाद्याच्या दुकानात सर्रास ऐकू येतो: गोळी खाद्य वाफेवर शिजवलेलं असतं, मग त्यात बुरशी कशी राहील? बुरशी राहत नाही, हे खरं. वाफेने ती मरते. पण तिने आधीच सोडलेलं विष वाफेला दाद देत नाही. अफलाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते. गोळीचं यंत्र त्याच्या जवळपासही जात नाही, आणि तरंगत्या खाद्याच्या जास्त तापणाऱ्या यंत्रातही ते फार तर काही अंशी कमी होतं. म्हणून ताजी, चकचकीत, एकही डाग नसलेली गोळीसुद्धा विषारी असू शकते. उलटंही खरं आहे. एखाद्या पोत्यावर हिरवट बुरशी दिसली म्हणजे त्यात अफलाटॉक्सिन असेलच असं नाही, कारण शेकडो बुरशा असतात आणि सगळ्या विष करत नाहीत. तरीही ते पोतं वापरू नये. बुरशी खाद्यातली चरबी आणि जीवनसत्त्वं खाऊन टाकते, चरबी खवट होते, आणि खवट चरबी माशाच्या यकृताचं वेगळं नुकसान करते.

हे सगळं जगाला कळलं ते १९६० मध्ये, आणि योगायोगाने एकाच वर्षी दोन ठिकाणी. इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं मेली. आधी कुणाला कारणच कळेना, म्हणून त्या रोगाला नुसतं ‘टर्की एक्स’ म्हटलं गेलं. माग काढत काढत शास्त्रज्ञ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले. त्याच सुमारास अमेरिकेच्या मत्स्यबीज केंद्रांत इंद्रधनुषी ट्राउट माशांच्या यकृतात गाठी सापडू लागल्या. या माशांना तेव्हा नुकतंच कोरडं गोळी खाद्य सुरू झालं होतं, आणि त्या गोळीत सरकी पेंड होती. ओरेगन राज्य विद्यापीठातल्या सिनहुबर यांच्यासारख्या संशोधकांनी पुढची काही वर्षं यावर काम केलं, आणि दोष सरकीतल्या अफलाटॉक्सिनचा असल्याचं सिद्ध झालं.

ट्राउटचे आकडे अंगावर येतात. एक किलो खाद्यात अवघे ०.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात अर्धा भागही नाही, इतकं अफलाटॉक्सिन पंधरा महिने दिलं तर १४ टक्के माशांच्या यकृतात गाठी झाल्या. किलोला २० मायक्रोग्रॅम दिलं तर आठ महिन्यांत ५८ टक्के आणि वर्षभरात ८३ टक्के. २० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो ही युरोपीय संघात खाद्याच्या कच्च्या मालासाठी बी-१ ची कमाल मर्यादा आहे. एका टन खाद्यात २० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. त्यामुळेच ट्राउट पुढे कर्करोगाच्या संशोधनात प्रयोगशाळेचा लाडका प्राणी झाला.

आपल्याला हे विष माणसांच्या मरणातून कळलं. १९७४ च्या पावसाळ्यानंतर बडोद्याच्या शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात आदिवासी गावांमध्ये काविळीची साथ आली. पोटात पाणी भरायचं, पाय सुजायचे. गावातली कुत्रीसुद्धा तशीच आजारी पडत होती, आणि साधी विषाणूजन्य कावीळ नव्हे हा संशय बळकट व्हायला ही कुत्री कारणीभूत ठरली. कुत्र्याने आणि माणसाने एकच गोष्ट खाल्ली होती: अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी, भट आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली. ३९७ रुग्ण, त्यांतले १०६ मृत. मक्यात किलोला सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफलाटॉक्सिन होतं. वर सांगितलेल्या युरोपीय मर्यादेच्या तीनशे पट आणि त्याहूनही जास्त. पंचमहालचं मुख्य ठिकाण गोध्रा, अकोट्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटर. अफलाटॉक्सिनचा विषय निघाला की जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पंचमहालचं नाव येतं. बडोद्यात ते क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

आता पुन्हा माशाकडे. गोळी गिळली, आतड्यात विरघळली. बी-१ चरबीत सहज मिसळणारं असल्याने आतड्याच्या भिंतीतून झटकन रक्तात जातं, आणि आतड्यातलं रक्त आधी यकृतात पोहोचतं. यकृताचं काम असतं परक्या रसायनांना पाण्यात विरघळेल असं रूप देऊन बाहेर घालवणं. त्यासाठी त्याच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० या कुळातली विकरं असतात. ती बी-१ ला एक ऑक्सिजनचा अणू जोडतात. आणि इथेच घात होतो. त्या जोडणीतून तयार झालेलं रूप, त्याला इपॉक्साइड म्हणतात, मूळ विषापेक्षा कितीतरी जास्त आक्रमक असतं. ते शेजारी दिसेल त्याला चिकटतं: प्रथिनांना, आणि डीएनएमधल्या ग्वानिन नावाच्या घटकाला. प्रथिनांना चिकटलं की पेशीचं रोजचं काम बिघडतं, ती चरबी साठवू लागते, मरू लागते. डीएनएला चिकटलं आणि दुरुस्ती चुकली की पुढे गाठीची शक्यता. सुरक्षेसाठी ठेवलेली यंत्रणाच मूळ पदार्थाचं हत्यार बनवते.

बचाव नसतो असं नाही. ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू या इपॉक्साइडला पकडून निष्प्रभ करतो आणि पित्ताच्या वाटेने बाहेर काढतो. कोणता मासा किती सोसतो हे मुख्यतः या दोन वाटांच्या शर्यतीवर ठरतं: घातक रूप किती वेगाने तयार होतं आणि ते पकडलं किती वेगाने जातं. ट्राउटचं यकृत घातक रूप भराभर तयार करतं, पण पकडायला मंद. अमेरिकन मार्जारमाशाचं, म्हणजे चॅनेल कॅटफिशचं, यकृत घातक रूप फारच कमी तयार करतं आणि विष लवकर बाहेर टाकतं. त्याला किलोला १० मिलिग्रॅमचं खाद्य दहा आठवडे दिल्यावर वाढ घटली आणि रक्त पातळ झालं, पण २.१५ मिलिग्रॅमवर काही दिसलं नाही. नाईल तिलापियाच्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात ०.२५ मिलिग्रॅमवर फरक दिसला नाही, २.५ पासून वाढ घटू लागली, आणि १०० मिलिग्रॅमवर मासे वजन गमावून बसले आणि त्यांचं यकृत सडलं. कार्प कुळातले आपले मासेही ट्राउटपेक्षा बरेच सहनशील मानले जातात.

हे आकडे वाचून पहिली प्रतिक्रिया सुटकेची होते. आपल्याकडे ट्राउट कोण पाळतं? काश्मीर, हिमाचलसारखे थंड डोंगराळ भाग सोडले तर फारसं कुणी नाही. मग चिंता कसली? मला मात्र ही सहनशीलताच खरी अडचण वाटते. ट्राउट मरून किंवा गाठी दाखवून निदान बोंब तरी मारतो. रोहू आणि पंगेशियस निमूट सोसतात. तळ्यावर मासे तरंगत नाहीत, कुणी तक्रार करत नाही, आणि नुकसान हिशेबाच्या वहीत शिरतं. समजा एका तळ्यातून वर्षाला चार टन मासा निघतो. एक किलो मासा वाढायला १.६ किलो खाद्य लागायचं, ते १.९ झालं. तीनशे ग्रॅमचा फरक. चार टनांवर तो १,२०० किलो खाद्याचा होतो, आणि खाद्य चाळीस रुपये किलो धरलं तर ४८,००० रुपयांचा. या तोट्याचं खापर शेतकरी कशावर फोडतो? बीजावर, पाण्यावर, मजुराच्या चोरीवर. पोत्यावर नाही.

प्रयोगशाळेच्या आकड्यांना आणखी एक मर्यादा आहे. तिथे पाणी स्वच्छ, ऑक्सिजन भरपूर, गर्दी कमी आणि विष एकच. तळ्यात यातलं काहीच नसतं. अफलाटॉक्सिनचा सगळ्यांत महागडा परिणाम बहुधा यकृतात दिसतच नाही, तो रोगप्रतिकारशक्तीवर होतो. साहू आणि मुखर्जी या भारतीय संशोधकांनी २००१ च्या सुमारास रोहूवर हेच तपासलं. बी-१ दिलेल्या माशांच्या रक्तातली संरक्षक प्रथिनं घटली, जंतू मारण्याची ताकद कमी झाली. आणि यीस्टपासून मिळणारं बीटा-ग्लुकान दिल्यावर ती काही प्रमाणात परत आली. तळ्याच्या पाण्यात एरोमोनास नावाचा जंतू कायमच असतो. सशक्त मासा त्याला जुमानत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माशाच्या अंगावर तोच जंतू लाल चट्टे आणतो, पर कुरतडतो, पोटात पाणी भरवतो. डॉक्टरला जंतू सापडतो, तो औषध देतो, काही मासे बरे होतात, आणि पंधरा दिवसांनी तेच सगळं पुन्हा. औषधाचं बिल वाढत जातं आणि पेंडीचं पोतं त्याच दुकानातून येत राहतं.

मग ओळखायचं कसं? मासा चिरून पाहिल्याशिवाय नाही, आणि चिरूनही पूर्ण खात्री नाही. निरोगी रोहूचं यकृत गडद तपकिरी-लाल असतं. विष दीर्घकाळ गेलेल्या माशाचं यकृत फिकट, पिवळसर, कधी फुगलेलं, त्यावर रक्ताचे ठिपके. कल्ले लालभडक असायला हवेत, ते गुलाबी किंवा पांढुरके दिसतात, कारण रक्त कमी झालेलं असतं. रक्त गोठायला वेळ लागतो. जाळ्यात ओढताना लागलेली साधी खरचटही वाहत राहते. मासे एकसारखे वाढत नाहीत. पण यातली बरीच लक्षणं खवट चरबीने किंवा नुसत्या कुपोषणानेही होतात. हे सांगायलाच हवं, कारण विषाचं नाव एकदा कानावर पडलं की प्रत्येक आजार त्याच्या माथी मारायचा मोह होतो. एका पहाटे तळ्यात शेकडो मासे मेलेले दिसले, आधी मोठे मेले, आणि उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत आहेत, तर कारण जवळजवळ नेहमीच ऑक्सिजन असतं. शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खातं आणि उजाडण्यापूर्वी तो तळाला जातो. त्याचा खाद्याशी संबंध असलाच तर जास्त खाद्य टाकल्याचा. अफलाटॉक्सिन असं एका रात्रीत मारत नाही. त्याचा माग लागतो तो काळाच्या जोडीने: खाद्याचा नवा माल सुरू केला, आणि तीन-चार आठवड्यांनी खाणं मंदावलं, वाढ अडली, किरकोळ मर रोजची झाली. म्हणून खाद्याच्या प्रत्येक मालाची तारीख आणि पोत्यावरचा क्रमांक वहीत टिपणं हे या बाबतीतलं सगळ्यांत स्वस्त निदान आहे.

अफलाटॉक्सिन एकटंही येत नाही. मक्यावर फ्युजेरियम नावाची दुसरी बुरशी असते. ती फ्युमोनिसिन करते, जे पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांची घडण बिघडवतं. किलोला वीस मिलिग्रॅमवर मार्जारमाशाची वाढ घटते. तीच फ्युजेरियम मंडळी डीऑक्सिनिव्हॅलेनॉल करतात; ट्राउट यालाही फार हळवा. गोदामातल्या काही बुरशा ऑक्राटॉक्सिन करतात, त्याचा रोख मूत्रपिंडाकडे जास्त. एका गोळीत हे तिघे-चौघे थोडे थोडे असू शकतात, प्रत्येक जण आपापल्या मर्यादेखाली, आणि एकत्र मिळून काय करतात याचा नियम कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नाही.

त्यात गेल्या काही वर्षांत एक नवा माल आला आहे. मक्यापासून इथेनॉल करण्याचे कारखाने वाढले, आणि त्यांतून उरणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, स्वस्तात मिळू लागला. कोंबड्यांच्या खाद्यात तो आधी गेला, माशांच्याही जातो आहे. मक्यातला पिठूळ भाग मद्यार्क होऊन निघून जातो, पण बुरशीचं विष आंबवण्याने मोडत नाही, चोथ्यातच राहतं. धान्याचा साधारण एक तृतीयांश चोथा उरतो, म्हणून त्यातलं विष मूळ मक्याच्या सुमारे तिप्पट होतं. पन्नास मायक्रोग्रॅमच्या मक्याचा चोथा दीडशेचा. कारखान्याने मका घेतानाच तपासला असेल तर प्रश्न नाही. तपासला की नाही, हे विचारावं लागतं.

तपासणीचं बोलू. घाऊक व्यापारी कधीकधी अतिनील दिव्याखाली मका किंवा सरकी धरून हिरवट-पिवळी चमक पाहतात. ही चमक विषाची नसते, बुरशीच्या दुसऱ्या एका पदार्थाची असते. म्हणून ती इशारा आहे, पुरावा नाही. पट्टीवरची झटपट चाचणी आणि एलायझा या दोन पद्धती आता सहज मिळतात, आणि वाद झाल्यास प्रयोगशाळेत एचपीएलसीवर नेमका आकडा काढतात. पण या सगळ्यांपेक्षा मोठी चूक नमुना घेताना होते. विष एखाद्या लाडूएवढ्या गोळ्यात साठलेलं असतं हे आधी पाहिलं. एका पोत्याच्या तोंडाशी मूठ घालून नमुना घेतला तर तो गोळा सापडण्याची शक्यता नगण्य. निदान वीस-पंचवीस पोत्यांतून, परखी मधोमध आणि तळाला घालून, थोडा थोडा माल काढावा. सगळा एकत्र करून बारीक दळावा, नीट मिसळावा आणि त्यातला किलोभर पाठवावा. दळणं टाळलं तर बाकीची मेहनत वाया जाते. हिशेब करायलाही सोपा आहे. समजा खोळीत किलोला ५०० मायक्रोग्रॅम निघाले आणि खाद्यात खोळ तीस टक्के आहे, तर खाद्यात १५० आले. अर्ध्या किलोचा रोहू वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साडेबारा ग्रॅम खातो. रोजचे जवळजवळ दोन मायक्रोग्रॅम. खोळ दहा टक्क्यांवर आणून बाकी सोया वापरलं तर हा आकडा एक तृतीयांश होतो. विष नष्ट करण्यापेक्षा त्याचं प्रमाण पाडणं बहुतेक वेळा सोपं पडतं.

विष बांधून ठेवणारे पदार्थही मिळतात, आणि त्यांतला सगळ्यांत जुना व भरवशाचा म्हणजे बेंटोनाइट माती. ती कच्छ आणि भावनगरात मुबलक निघते. तिचे कण पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम, सोडियमचे आयन बसलेले असतात. अफलाटॉक्सिनचा रेणू सपाट असल्याने तो या फटीत अलगद सरकतो आणि अडकतो. आतड्यात शोषला न जाता विष्ठेबरोबर बाहेर जातो. ट्राउटवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. पण फ्युमोनिसिन किंवा डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या मातीच्या हाती लागत नाहीत, त्यांचे रेणू त्या फटीत बसत नाहीत. ‘सर्व विषांवर एकच उपाय’ असं पाकिटावर लिहिलं असेल तर हात आखडता घ्यावा. युरोपीय संघाने २०१३ मध्ये अफलाटॉक्सिनसाठी बेंटोनाइटला मान्यता दिली ती रवंथ करणारी जनावरं, कोंबड्या आणि डुकरांसाठी. त्या यादीत मासा नव्हता. माती जास्त झाली तर काही जीवनसत्त्वंही तिच्यात अडकतात. म्हणून ती सांभाळून आणि मोजून वापरायची वस्तू आहे, खराब खोळ खपवायची सबब नव्हे.

साठवणीबद्दल थोडक्यात: पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, छपराला न भिडणारी. आधी आलेलं आधी वापरायचं. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्तीचा साठा करायचा नाही, मग दुकानदार कितीही सूट देवो. पुराच्या पाण्याची पातळी जिथे गेल्या वेळी पोहोचली होती त्या खोलीत खाद्य ठेवायचं नाही. अकोट्यात ही पातळी कुठपर्यंत होती हे कुणाला सांगावं लागत नाही.

मासा खाणाऱ्याचं काय? इथे बातमी बरी आहे. माशाच्या मांसात अफलाटॉक्सिन फार कमी उतरतं. मार्जारमाशाच्या रक्तातून ते काही तासांतच निघून जातं. जे राहतं ते मुख्यतः यकृतात आणि आतड्यात, आणि ते आपण साफ करताना काढून टाकतो. छोटे मासे आख्खे, आतड्यासकट खाणाऱ्यांनी थोडं जपावं. शिजवल्याने उरलंसुरलं विष जात नाही, हे आता सांगायला नको. पण बडोद्याच्या बाजारात घेतलेल्या रोहूच्या तुकड्याकडे संशयाने पाहण्याचं कारण मला दिसत नाही. या विषाचा बळी आधी मासा आणि नंतर त्याला पाळणारा.

एकच वाट अशी आहे जिथून ते माणसाकडे सहज वळतं. माशांना नको म्हणून बाजूला काढलेलं बुरशीचं पोतं बहुतेक ठिकाणी फेकलं जात नाही, घरच्या म्हशीपुढे जातं. म्हैस तक्रार करत नाही. पण तिच्या यकृतात बी-१ चं एम-१ नावाचं रूप होतं, आणि खाल्लेल्या बी-१ चे साधारण एक ते तीन टक्के एम-१ च्या रूपात दुधात उतरतात, दूध वाढलं की त्याहूनही जास्त. दुधासाठी आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठेवलेली मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. हजार मायक्रोग्रॅमची खोळ म्हशीने दिवसाला दोन किलो खाल्ली, तर दोन टक्क्यांच्या हिशेबाने दुधात चाळीस मायक्रोग्रॅम गेले. ती आठ लिटर देत असेल तर लिटरला पाच, मर्यादेच्या दहापट. ते पोतं तळ्याच्या आणि गोठ्याच्या दोन्हींच्या वाटेतून काढून खड्ड्यात पुरावं, पुरताना तोंडाला फडकं बांधावं, आणि रिकामं पोतं पुन्हा वापरायला ठेवू नये.